केबल टीव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (मुंग्यांच्या खुलाशासह)

1993 ते 1999 मी मिरजेत एका केबलच्या कंट्रोल रूमवर कामाला होतो. आधी वायर ओढायला, मग वसुलीला, शेवटी मशीनवर. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक आजही केबलचं काहीही असलं की मलाच विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथे आकडा दिलाय, तो बघा.

1. केबल, डिश आणि डीटीएच यांत फरक काय? आमच्याकडे सगळ्यालाच डिश म्हणतात.

सगळीकडेच म्हणतात. केबलमध्ये मोठी डिश केबलवाल्याच्या गच्चीवर असते आणि तिथून वायरने सिग्नल घराघरात जातो. डीटीएचमध्ये छोटी डिश तुमच्याच गच्चीवर किंवा खिडकीत असते, मधे गल्लीतला कुणी माणूस नसतो. आपल्याकडे खासगी डीटीएच 2003 साली सुरू झालं. दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, 2004च्या डिसेंबरात आली. खाली जिथे ‘केबल’ म्हटलंय तिथे गल्लीतल्या वायरचीच गोष्ट आहे.

2. सगळे म्हणतात केबल 1991 साली आली. आमच्या दादरच्या सोसायटीत 86-87 सालीच होती. मग खरं काय?

तुमचंही खरं आणि त्यांचंही. 1982च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर आले. मुंबईच्या उंच इमारतींत कुणीतरी डोकं चालवलं: खालच्या मजल्यावर एक व्हीसीआर ठेवायचा आणि जिन्याच्या कडेने वायर टाकून सगळ्या बिऱ्हाडांना तोच पिक्चर दाखवायचा. तुमच्याकडे होती ती ही ‘व्हिडिओ केबल’. तिचा आकाशाशी काही संबंध नव्हता. 1991 नंतर याच वायरांना उपग्रहाचे चॅनेल जोडले गेले. म्हणजे चॅनेल येण्याआधी वायर तयार होती, आणि माझ्या मते आपल्याकडे केबल इतक्या झपाट्याने पसरली ती त्यामुळेच.

3. मुळात ही कल्पना कुणाची?

अमेरिकेतली, 1948च्या आसपासची. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ गावांत टीव्ही विकायला ठेवले होते, पण डोंगराआड सिग्नलच पोचत नव्हता. दुकानदारांनी डोंगरावर अँटेना उभी केली आणि वायर खाली गावात आणली. ओरेगॉनमधल्या अस्टोरियाचं नावही घेतात. पहिला मान कुणाचा यावर तिकडे अजून वाद आहे, आपण त्यात पडायचं कारण नाही.

4. आखाती युद्धाचा आणि आपल्या केबलचा काय संबंध?

जानेवारी 1991 मध्ये बगदादवर बॉम्ब पडत होते ते सीएनएन थेट दाखवत होतं. भारतात ते बघायची सोय होती पंचतारांकित हॉटेलांत, कारण डिश तिथे होत्या. तोवर बातमी म्हणजे रात्री दूरदर्शनवर वाचून दाखवतात ती. युद्ध चालू असताना बघता येतं हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि व्हिडिओ केबलवाल्यांच्या लक्षात आलं की डिश घेतली तर गिऱ्हाईक आहे. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला.

5. सुरुवातीचे चॅनेल खरंच फुकट होते का?

केबलवाल्याला फुकट होते. स्टारचे चॅनेल उघडे सोडलेले होते, डिश फिरवली की मिळाले. जाहिरातींवर चालणारा मामला होता, जितके जास्त बघणारे तितकं त्यांना बरं. ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही आला तोही त्याच एशियासॅट-1 उपग्रहावर. त्यामुळे नवी डिश लागली नाही आणि हिंदी चॅनेल आयताच हाती आला.

या उपग्रहाची जन्मकथा मला फार आवडते. तो मुळात ‘वेस्टार-6’ नावाने फेब्रुवारी 1984 मध्ये अमेरिकी स्पेस शटलमधून सोडला होता. तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरात दुसऱ्या शटलमधल्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला, मग तो दुरुस्त होऊन विकला गेला आणि एप्रिल 1990 मध्ये चिनी रॉकेटने पुन्हा वर गेला. थोडक्यात, आपल्याकडची केबल क्रांती सेकंडहँड मालावर झाली.

पैसे मागणारे ‘पे चॅनेल’ नंतर आले. तिथून केबलवाला आणि कंपन्या यांची भांडणं सुरू झाली, ती प्रश्न 9 मध्ये.

6. कंट्रोल रूममध्ये नेमकं असायचं काय?

नावावर जाऊ नका. आमची कंट्रोल रूम म्हणजे गच्चीवरच्या जिन्याची खोली, वर पत्रा. बाहेर बारा फुटी जाळीची डिश, पूर्वेपासून जरा आग्नेयेकडे कललेली. डिशच्या समोर मधोमध एलएनबी, म्हणजे डिशवर गोळा झालेला सिग्नल पकडून वायरीत सोडणारा भाग. त्यात पावसाचं पाणी शिरू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा डबा उपडा बांधलेला असायचा. आत लोखंडी रॅकवर दर चॅनेलला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, म्हणजे आलेलं चित्र केबलच्या एका ठराविक चॅनेलवर चढवणारं मशीन. सगळ्यांचे सिग्नल कंबाइनरमध्ये एकत्र व्हायचे आणि एका जाड काळ्या वायरीतून बाहेर पडायचे. दोन व्हीसीआर पिक्चरसाठी. एक टेबलफॅन, आणि तो माणसाकडे नाही, मशीनकडे तोंड करून. मे महिन्यात रिसीव्हर तापला की चित्र हलायला लागायचं, मग मालक यायच्या आत आम्ही त्यावर ओलं फडकं धरायचो. मूर्खपणा होता, पण कुणाला शॉक लागला नाही.

पुढे वायर गच्चीवरून गच्चीवर, नारळाच्या झाडाला एक वेढा देऊन, विजेच्या खांबाला लटकून. साधारण दोन-तीनशे फुटांवर सिग्नल मंदावतो, तिथे ॲम्प्लिफायर लागतो आणि ॲम्प्लिफायरला वीज लागते. ती जवळच्या कुठल्यातरी घरातून घ्यायची आणि त्या घराला कनेक्शन फुकट. हे गल्लीतलं मानाचं पान होतं. खोताच्या वाड्याजवळच्या एका काकूंनी पाच वर्षं ते सांभाळलं, आणि रागावल्या की बटण बंद करायच्या. ‘आमच्याकडे लाइट आहे तरी केबल कशी गेली’ याचं उत्तर बहुतेक वेळा कुठल्यातरी काकूंपाशी असायचं.

7. टीव्हीवर मुंग्या का यायच्या? त्याही ठराविक चॅनेललाच का?

सिग्नल कमी पडला की मुंग्या, म्हणजे पडदाभर वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. वायरीतून जाताना वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल जास्त लवकर दुबळा होतो, खालच्या फ्रिक्वेन्सीचा तग धरतो. म्हणून लाइनच्या शेवटच्या घरात पहिले आठ-दहा चॅनेल स्वच्छ आणि शेवटचे मुंग्यांनी भरलेले. जुन्या टीव्हीला तर बटणंच आठ किंवा बारा, वरचे चॅनेल लागायचेच नाहीत.

यातूनच पैशांचा खेळ सुरू झाला. चांगल्या जागेवर आपला चॅनेल बसवावा म्हणून पुढे कंपन्या केबलवाल्यांना पैसे मोजू लागल्या. दूरदर्शन मागे ढकललं जाऊ नये म्हणून 2000 साली कायद्यातच लिहावं लागलं की त्याचे दोन चॅनेल आणि राज्याच्या भाषेतला एक चॅनेल या चांगल्या पट्ट्यात दाखवलेच पाहिजेत. घरातल्या मुंग्यांचं दुसरं कारण मात्र साधं होतं: कनेक्टर न लावता, वायरीची तार सोलून तशीच खुपसलेली.

8. केबलवर नवे पिक्चर लागायचे ते कायदेशीर होतं का?

नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितलं होतं की केबलवरून घरोघरी पिक्चर दाखवणं म्हणजे तो लोकांपुढे सादर करणंच, आणि हक्क नसतील तर कॉपीराइटचा भंग. आम्हाला हा निकाल ठाऊक होता का? छे. शुक्रवारी थिएटरला लागलेला पिक्चर रविवारी कॅसेटवर यायचा, थिएटरात कॅमेरा लपवून काढलेला. पडद्यापुढून कुणीतरी उठून जायचं त्याची सावलीसुद्धा दिसायची, आणि लोक तरी बघायचे. गावातल्या टॉकीजवाल्यांनी पोलिसांत तक्रार केली की आठवडाभर जुने पिक्चर, मग पुन्हा तेच.

9. केबलवाले इतके दादा का असायचे? एका गल्लीत एकच केबलवाला कसा?

धंद्याचा स्वभावच तसा. एकदा गल्लीत वायर टाकली की दुसऱ्याला त्याच घरांसाठी पुन्हा तेवढाच खर्च, तोही निम्म्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर. त्यामुळे हद्दी ठरल्या. हद्दीवरून रात्री वायरी कापल्या जायच्या, मारामाऱ्या व्हायच्या, मग कुणीतरी स्थानिक पुढारी मध्ये पडायचा. बऱ्याच ठिकाणी पुढे तोच भागीदार झाला.

सरकार आलं ते उशिरा: आधी 1994चा अध्यादेश, मग केबल टीव्हीचा 1995चा कायदा. तेव्हा नोंदणी कुठे करावी लागायची? पोस्टात. होय, मुख्य टपाल कार्यालयात, कारण देशभर पसरलेलं दुसरं कार्यालय चटकन सुचलं नसावं. करमणूक कर मात्र जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, दर कनेक्शनमागे. तो 2017 साली जीएसटी येईपर्यंत होता.

आता खरी मेख. कर कनेक्शनवर, पे चॅनेलचे पैसेही कनेक्शनवर, आणि कनेक्शन किती हे सांगणार केबलवालाच. जोडण्या हजार असतील तर कागदावर दोनशे. वायर उघडी, मोजणार कोण? कंपन्या चिडून सिग्नल बंद करायच्या, पडद्यावर काळं व्हायचं, आणि शिव्या खायच्या वसुलीच्या पोराने. सेट टॉप बॉक्स आले त्यामागचं मोठं कारण हे. बाकी प्रश्न 14 मध्ये.

10. मराठी चॅनेल इतके उशिरा का आले? तमिळ, मल्याळम तर आधीच होते.

सन टीव्ही आणि एशियानेट दोन्ही 1993 सालचे. मराठीत खासगी चॅनेल ठसठशीतपणे आला तो ऑगस्ट 1999 मध्ये, अल्फा मराठी. 2005 साली त्याचा झी मराठी झाला. ई टीव्ही मराठी जुलै 2000 मध्ये हैदराबादहून आला आणि 2015 साली कलर्स मराठी झाला. मधल्या काळात दूरदर्शनचा डीडी-10 होता, 1994 पासून. 2000 साली त्याचं नाव सह्याद्री ठेवलं.

उशीर का, याचं माझं उत्तर कुणाला आवडत नाही: मराठी माणसाला हिंदी कळतं, हेच त्याला नडलं. जाहिरातदाराला चेन्नईच्या घरात शिरायला तमिळ लागत होतं. ठाण्याच्या घरात शिरायला हिंदी पुरत होतं, मग मराठीसाठी वेगळे पैसे कशाला घालायचे? आमच्या मिरजेचंच बघा. कानडी घरं भरपूर. 1994 साली उदया टीव्ही सुरू झाला तशी ती मंडळी कंट्रोल रूमवर येऊन बसली, ‘कानडी लावा, नाहीतर पैसे देणार नाही’. आम्ही लावला. ‘मराठी लावा’ म्हणून तोवर एकही माणूस आला नव्हता, कारण लावायला नव्हताच आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

आला तेव्हा मात्र घरं पार बदलली. संध्याकाळी साडेसहा-सातनंतर वसुलीला गेलं की दारातच ‘ब्रेक लागला की ये’. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, तीन हजारांवर भाग. 2004 साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि खेळात जिंकलेली पैठणी हा घराघरातला विषय झाला. टीव्हीवर आपल्यासारखंच घर, आपल्यासारखीच सासू आणि मधे येऊन बोलणारी शेजारीण दिसणं ही त्यातली गंमत होती. मालिकांनी पुढे वाट्टेल तसं पाणी घातलं हा भाग वेगळा.

11. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला याचा काही फायदा झाला का?

फार. मुंबई दूरदर्शन 1972 पासून होतं, पण अँटेनाचा आवाका तो किती? बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी घरांना ते दिसत नव्हतं. उपग्रहाला राज्याची हद्द नसते. अट एवढीच की तिथल्या केबलवाल्याने लावला पाहिजे, म्हणजे पुन्हा गाडी कंट्रोल रूमच्या दारात.

12. केबलने मराठी बिघडवली, हे खरं का?

अर्धं. सूत्रसंचालकांचं ‘मी तुमची मदत करतो’ घरात शिरलं ते टीव्हीतूनच, आणि लहान मुलं मराठीआधी हिंदी बोलायला लागली ती हिंदीत डब केलेल्या जपानी कार्टूनमुळे. माझी भाची चार वर्षांची असताना आईला ‘मम्मी, मुझे भूख लगी है’ म्हणायची, घरात एकही हिंदी बोलणारा नसताना. पण दुसरीही बाजू आहे. बातम्यांचे मराठी चॅनेल 2007 पासून आले आणि सांगली, बीड, चंद्रपूरची माणसं आपापल्या बोलीत कॅमेऱ्यासमोर बोलू लागली. आधी टीव्हीवरची मराठी म्हणजे एकाच छापाची असायची.

13. गावाचा स्वतःचा चॅनेल असायचा तो काय प्रकार?

केबलचा हाच भाग मला सगळ्यात आपला वाटतो, आणि त्याच्यावर कुणी लिहीत नाही. एक मॉड्युलेटर मोकळा ठेवायचा, त्यावर गावाच्या बातम्या, लग्नाच्या कॅसेटी, नाटकं, दहावीचा निकाल. पिक्चरखाली पट्टी फिरायची: शिकवणी वर्ग, गाळा भाड्याने देणे, ‘भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा’. पट्टी टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. एकदा ‘दुःखद निधन’ची पट्टी चालू असतानाच तिला जोडून ‘हार्दिक अभिनंदन’ लागली. दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन हात जोडून आलो.

अनंत चतुर्दशीला मिरजेची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ती आम्ही लक्ष्मी मार्केटजवळच्या एका गॅलरीतून थेट दाखवायचो, आणि ज्याचं मंडळ पुढे सरकलं त्याच्या घरून फोन, ‘आमच्या पोरावर कॅमेरा धरा’. 2005च्या महापुरात सांगलीतल्या मित्राच्या चॅनेलवर वीज होती तोवर आयर्विन पुलाची पातळी दर तासाला पट्टीवर येत होती. तेव्हा बाकीचे शंभर चॅनेल कुणी बघत नव्हतं.

14. सेट टॉप बॉक्स नक्की कधी सक्तीचा झाला? दक्षिण मुंबईतले लोक 2007 म्हणतात, आम्ही पुण्यात 2013 म्हणतो.

दोघंही बरोबर. पहिला प्रयोग ‘कॅस’ नावाने झाला, चेन्नईत 2003 साली, आणि 2006 संपताना दक्षिण मुंबईत व दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांत. तिथे मोफत चॅनेलांचे 77 रुपये आणि दर पे चॅनेलमागे 5 रुपये असा दर होता. रस्त्याच्या एका बाजूला बॉक्स, दुसऱ्या बाजूला जुनी वायर. देशभराची सक्ती नंतर आली: मुंबई 31 ऑक्टोबर 2012, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे 31 मार्च 2013, उरलेल्या शहरी भागाला 31 डिसेंबर 2015 आणि ग्रामीण भागाला शेवटी 31 मार्च 2017. बॉक्समुळे कनेक्शन मोजता येऊ लागली आणि प्रश्न 9 मधला कागदावरचा दोनशेचा आकडा संपला.

15. 130 रुपये म्हणाले आणि बिल 153 कसं? चॅनेलचे पैसे तर वेगळेच!

ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, नियम 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाला. 130 रुपये हे शंभर चॅनेलांपर्यंतच्या जोडणीचं भाडं, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणून 153 रुपये 40 पैसे. पे चॅनेलची किंमत वर. शिवाय एक एचडी चॅनेल मोजताना दोन धरायचे. ‘हवं तेवढंच घ्या, बिल कमी होईल’ असं सांगितलं होतं, झालं उलटं, आणि लोकांनी कंटाळून पुन्हा पॅकच घेतले. पुढे त्याच भाड्यात दोनशे चॅनेल आले, आणि 2024 साली भाड्यावरची कमाल मर्यादाच काढली. त्यामुळे जुना 153चा आकडा दाखवून आज भांडू नका, पावती मागा.

16. मॅच दूरदर्शनवर आहे म्हणतात, पण माझ्या केबलवरच्या दूरदर्शनला दुसरंच काहीतरी लागतं. केबलवाला फसवतोय का?

या बाबतीत तो निर्दोष आहे. 2007च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट केलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावरच्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतं आहे, खासगी केबल आणि डीटीएचला ते पुढे देता येणार नाही. म्हणून पैसे भरणाऱ्याला मॅच दिसत नाही आणि फ्री डिशवाल्याला दिसते. विचित्र आहे, पण नियम आहे.

17. 2006 साली मुंबईत अचानक पिक्चरचे चॅनेल बंद झाले होते, आठवतं का?

ऑगस्टमध्ये. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र असलेले पिक्चर केबलवर दाखवू नयेत असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. पोलिसांनी कारवाई सुरू केल्यावर केबलवाल्यांनी धोका नको म्हणून पिक्चरचे चॅनेलच काही दिवस बंद ठेवले. कायदा मोडला चॅनेलने आणि मशीन जप्त झालं गल्लीतल्या माणसाचं, अशी तक्रार तेव्हा ऐकली होती.

18. आता नेट आलंय. घरातली जुनी केबलची वायर कापून टाकली तर चालेल का?

कापण्याआधी ती कुठून येते आणि कुठे जाते ते बघा. पुष्कळ जुन्या इमारतींत एका घराच्या खिडकीतून वायर आत येते, कपाटामागे स्प्लिटर असतो आणि तिथून पुढच्या दोन घरांना जाते. घरमालकालाही ते माहीत नसतं. गेल्या वर्षी माझ्या बहिणीने रंगकाम करताना अशीच एक वायर कापली. अर्ध्या तासात वरच्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून दारात, ‘माझी मालिका गेली, तुमच्याकडे आहे का?’ ज्याने येऊन जोडून दिलं तो पूर्वी माझ्याबरोबर खांबावर चढायचा. आता नेटचं फायबर टाकतो. कोॲक्सची, म्हणजे जुन्या केबलच्या वायरीची, पक्कड मात्र अजून पिशवीत होती.